पास्कलचं यंत्र आणि माझे बूट

"माझ्या कंडोच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, फेकून दे," म्हणून माझा मित्र पास्कल याने दिलेला जुना मेटल डिटेक्टर महिनाभर कॅनडात, आमच्या मिल्टनच्या घराच्या बेसमेंटमध्ये पडून होता. मला तो फेकवेना. त्यावर ना नाव, ना नंबर. जुनी यंत्रं जमवणाऱ्या बर्नाबीच्या एका गृहस्थांनी फोटो पाहून कळवलं, असं मॉडेल कधी निघालंच नव्हतं. कसं निघणार? पास्कलने ते घरी बनवलं होतं.

परवा गंजलेल्या वायरी बदलताना सोल्डरचा धूर नाकात गेला आणि चाळीस वर्षांपूर्वीची तलावाकाठची पिकनिक समोर उभी राहिली. पास्कलने वाळूत नाणं पुरलं आणि मोठ्या हौसेने यंत्र पहिल्यांदा माझ्या हातात दिलं. ते पावलापावलाला किंचाळू लागलं. "पास्कल्या, तुझ्या यंत्राला सगळ्या कॅनडात सोनं दिसतंय रे!" मी ओरडलो. सगळे हसले. त्याने मुकाट्याने ते डिकीत ठेवलं आणि पुन्हा कधी काही बनवलं नाही.

त्या दिवशी मी फॅक्टरीतून थेट पिकनिकला आलो होतो. रात्री घरी सेफ्टी बूट काढताना पुढची पोलादी टोपी हाताला लागली, आणि यंत्र कशावर ओरडत होतं ते मला कळलं. तरी मी गप्प राहिलो.

काल नुसत्या मोज्यांवर उभं राहून ते फिरवलं. गालिच्याखाली ठेवलेल्या चमच्यावरच वाजलं. लगेच पास्कलला फोन करून सगळं सांगितलं.

"मेल्या, इतकी वर्षं मी माझ्या सर्किटला दोष देत होतो." मग हसू आलं त्याला. "उद्या घेऊन ये. आणि चपला घालून ये."

बाहेर बर्फ आहे. तरी मी दाराशी चपलाच काढून ठेवल्या आहेत.