दोरा चार बोटं कमी पडला

मैत्रिणींनो, आजचं तुम्हालाच सांगू शकते. नाशिकला माझी स्त्रीबीजं काढून तीन दिवस झाले. गर्भ अजून तिथल्या लॅबमध्येच आहे. डॉक्टरबाईंनी रोज पोट मोजायला सांगितलं होतं. घरात टेप नाही, म्हणून मी काळ्या दोऱ्याला गाठ मारून ठेवलेली.

आज सकाळी घरी, जामसरला, तो दोरा चार बोटं कमी पडला.

सासूबाईंनी पोटावर हात ठेवला. "हाललं गं," त्या हळूच म्हणाल्या.

मी फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "इंजेक्शनांमुळे पोटात पाणी साठतंय, लगेच या. आता गर्भ गर्भाशयात सोडला तर पाणी वाढेल. तो गोठवून ठेवू."

नाशिकला निघालोय, आत्ता जीपने मोखाडा सोडलाय. सासूबाईंचा हात अजून पोटावरच आहे.

"मंग सकाळी हाललं ते कोण?"

मी पाणी म्हणाले. पण मलाही जाणवलं होतं. तुमच्यापैकी कोणाला असं झालंय?