पुण्यात दिलेली अर्धी घोषणा

सीमाभागातल्या आमच्या शहापूरच्या मागवाल्यांवर मी एक कादंबरी लिहिली. विनोदी. सीमाप्रश्न तिच्यात औषधालाही नाही. दोन भाऊ, एक यंत्रमाग आणि त्यांची भांडणं. तिला पुण्याचा पुरस्कार जाहीर झाला आणि माझ्या डोक्यात हवा गेली. म्हटलं, कुणीतरी वाचली, कुणीतरी हसलं! तिथं एक पान वाचायचं आणि सभागृह हसतंय का बघायचं, एवढीच हौस घेऊन बायकोसकट निघालो. कोगनोळीचा सीमानाका ओलांडल्यापासून तेच पान तिला वाचून दाखवत होतो.

"अवो, पुरे की. मला पाठ झालं आता," ती म्हणाली.

मंचावर थोर मंडळी बसली होती. एकानं दुसऱ्याला महान म्हणायचं, दुसऱ्यानं लाजायचं आणि परतफेड करायची, असा दीड तास गेला. अध्यक्ष म्हणजेच पुरस्काराचे परीक्षक. त्यांनी माझी ओळख 'जखमी भूमीचा हुंदका' अशी करून दिली. शाल घालताना हळूच विचारलं, "तिकडे मराठी बोलू देतात ना?"

"न्हाय, खुणा करतो."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

माईक हातात आला आणि घात झाला. आमच्या येळ्ळूरकडच्या संमेलनांत वक्ता आधी घोषणेचा पहिला अर्धा भाग ओरडतो, उरलेला भाग सारा मांडव पुरा करतो. तोंडाला तीच सवय. मी मूठ उंचावून गरजलो, "संयुक्त महाराष्ट्र..."

सभागृह चिडीचूप. कुणीतरी खोकलं. मग तिसऱ्या रांगेतून एकटी माझी बायको, "झालाच पाहिजे!"

आणि सगळे उठून उभे! टाळ्याच टाळ्या. अध्यक्षांनी डोळे पुसले, माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि म्हणाले, "यापुढे शब्द थिटे आहेत." वाचायचं पान खिशातच राहिलं. माझ्याच कर्मानं.

जेवताना मी अध्यक्षांना गाठलं. "सर, कादंबरीचं शेवटचं पान कसं वाटलं?"

"काय सांगू! रात्रभर झोप नाही. ती वेदना..." त्यांनी गुलाबजाम तोंडात टाकला.

शेवटच्या पानावर शेळी नवरीच्या शालूचा पदर खाते.

बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "सांगा की त्यास्नी!"

"गप गं," मी पुटपुटलो. मग सरांकडं वळून म्हणालो, "पुढचं पुस्तकही तयार होतंय, सर. पाठवू ना? पत्ता तोच?"