गवताची रोवणी

उभं आयुष्य मी राईस मिलमध्ये काढलं. धानातून गवताचं बी वेगळं करून फेकून द्यायचं, हे माझं काम. त्यामुळे नोकरी सुटल्यावर मी थैली घेऊन सौंदडकडे रुळांच्या कडेनं गवताचं बी गोळा करत हिंडू लागलो, तेव्हा बायकोनं कपाळाला हात लावला. डोकं फिरलं का, असं तिनं विचारलंसुद्धा नाही. "फिरलं," एवढंच म्हणाली. तिचंही बरोबर होतं. घरभर कुसळं झाली होती. तिच्या लुगड्यांत, गादीत, एकदा तर वरणात.

मुर्री गावाच्या वाटेवर आमचा लेआउट आहे. पूर्वी तिथे सगळं पडीत होतं आणि लहानपणी मी त्यावर बकऱ्या चारल्यात. कमरेइतकं गवत असायचं, चालताना पायाखालून तित्तर फडफडत उडायचे. पुढे प्लॉट पडले. पहिल्या घेणाऱ्यांत मीच होतो. त्या गवतावर घर बांधलं ते मीच, म्हणून हे तित्तरांचं मी फारसं कुणाला सांगत नसे. राहिली होती ती बगिच्यासाठी सोडलेली मोकळी जागा, तिच्यावर नुसतं गाजरगवत माजलेलं.

लेआउटच्या कमिटीनं ठरवलं की तिथे लॉन लावायचं आणि कडेनं पेव्हर ब्लॉक बसवायचे. माझं डोकं लवकर तापतं. मी भर सभेत उठलो आणि म्हणालो, "ही जागा मला द्या. इथलं जुनं गवत परत आणून दाखवतो. कार्तिकापर्यंत उभं नाही राहिलं, तर पहिला ब्लॉक मी स्वतः ठेवीन आणि या कमिटीत पुन्हा तोंड उघडणार नाही." आमचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी, माणूस सभ्य. ते हसून म्हणाले, "काकाजी, घास तो अपने आप उगती है, उसको क्या लगाना!" सगळी सभा हसली. माझं तोंड कायमचं बंद होईल, या दुसऱ्या कलमाला बहुमत मिळेल असं दिसल्यामुळे असेल, पण जागा मिळाली.

जोडीला एकच माणूस होता. केशोरीकडचा, जंगलखात्यात वनमजूर म्हणून राबलेला, आता आमच्याच लेआउटमध्ये मुलाकडे राहणारा. चहाच्या टपरीवर आमची दोस्ती जमली. त्याला गवत वासावरून कळायचं. तिखाडीचं पातं चुरगाळून माझ्या नाकाशी धरायचा. पवन्या कुठला, कुसळी कुठली, हे त्यानंच मला शिकवलं. उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही दोघांनी बी टाकलं, आणि आषाढात ते उगवलं. रोज सकाळी मी उकिडवा बसून त्या हिरव्या सुया बघत असे. अध्यक्षांना बोलावून दाखवायचा मोह फार व्हायचा.

पण गाजरगवतही उगवलं, आणि ते आमच्या गवताच्या दुप्पट वेगानं. दोन म्हाताऱ्यांना ते आवरेना. मुर्रीच्या बायका धानाच्या रोवणीला, म्हणजे रोपं लावायला, रोज त्याच रस्त्यानं शेतावर जायच्या. त्यांच्यातली म्होरकी माझ्या बायकोच्या ओळखीची. एक दिवस तीच थांबून म्हणाली, "आमच्या रोवण्या सरल्या का येतो जी एक दिवस. घरी बसून का करतो?" श्रावणातल्या एका रविवारी त्या दहा-बारा जणी खरंच आल्या. पाऊस झिमझिमत होता. वनमजूर गावी गेलेला, दुपारच्या बसनं यायचा होता. मी ऐटीत जागा दाखवली, "निंदून टाका बरं सगळं," असं सांगितलं आणि आलूभात आणायला घरी गेलो.

तास-दीड तासानं भाताचं पातेलं घेऊन परत आलो, तर जमीन सारवल्यासारखी स्वच्छ! एक पातं शिल्लक नव्हतं. गाजरगवत गेलं होतं, त्याबरोबर पवन्या, तिखाडी, कुसळी, सगळं गेलं होतं. बायका हात धुऊन समाधानानं बसल्या होत्या.

मी जे ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्होरकी शांतपणे उभी राहिली.

"काऊन बोंबलून राहिला जी? तुमीच त निंदा म्हनलं."

"अहो, पण गवत कशाला उपटलं?"

"मंग निंदनात का उपटतेत? धान तेवढा ठेवाचा रायते. इथं धान त कोठीच दिसला नाई. सारंच काढलं."

ज्या हातांनी जन्मभर धान सोडून सगळं उपटलं, त्यांना मी नीट दाखवूनही गेलो नव्हतो. चूक माझीच होती. मी तिथंच ओल्या मातीत बसलो. कार्तिकात स्वतःच्या हातानं ब्लॉक ठेवावा लागणार, याचं मला तेवढं वाटलं नाही. ते गवत दुसऱ्यांदा माझ्यामुळेच गेलं होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

उपटलेल्या गवताच्या पेंड्या बांधून बायकांनी झाडाखाली ठेवल्या होत्या, घरच्या गाईंसाठी. म्होरकीनं त्यातली एक सोडली, मुळं बोटांनी चाचपली.

"मुळ्या त ओल्याच हायत. धानाचा पऱ्हा, ते रोपटं, उपटून रोवतो त मरते का? हे काऊन मरन?"

माझ्या होकाराची वाट बघत ती थांबली नाही. लुगडं खोचून तिनं आवाज दिला आणि सगळ्या उठल्या. तेवढ्यात बसस्टॉपवरून वनमजूर आला. काय झालं ते ऐकून त्यानं मला एक शिवी दिली आणि लगेच पेंड्या निवडायला बसला. गाजरगवत एकीकडे, आपलं गवत एकीकडे. धानासारखं दाट नको, हातभर अंतर ठेवा, एवढंच त्यानं सांगितलं. बायका ओळ धरून मागे मागे सरकत गेल्या. अंगठ्यानं भोक, त्यात मूळ, वर माती. रोवणीची गाणीही झाली. मी लावलेली ओळ वाकडी गेली, तेव्हा "मिलवाल्याचा हात!" म्हणून मनसोक्त हसल्या. अंधार पडायच्या आत सगळी जागा रोवून झाली आणि थंडगार आलूभात आम्ही मिटक्या मारत खाल्ला.

आठवडाभर गवत पिवळं पडून होतं. मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. मग पाऊस लागला आणि एकेका मुळातून पाच-पाच फुटवे आले. आम्ही बी फेकलं तेव्हा ते गर्दी करून उगवलं होतं. आता प्रत्येकाला पसरायला जागा मिळाली. नवरात्रात ते कमरेला लागलं. कार्तिकात सगळ्या जागेवर तांबूस तुरे आले. एका सकाळी माझ्या पुढ्यातून एक तित्तर धडपडत उडाला आणि मी वनमजुराला मिठी मारली.

कमिटी बघायला आली त्या दिवशी बायकाही आल्या. धान कापायला जायच्या वाटेवर होत्या, हातात विळे. ते बघून मी घाईनं पुढे झालो. त्या मात्र गवताच्या कडेला ओळीनं उभ्या राहिल्या. "आमी रोवलं हाय. कोनी हात लावून पाहा," म्होरकी म्हणाली.

अध्यक्षांनी हात जोडले. "माताजी, लॉन कैंसल. हमारी बहू रोज़ इसी घास में रील बनाती है. घर में वोटिंग हो चुकी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काकाजी, मान गए आपको."

टाळ्या झाल्या. मी छाती फुगवून उभा होतो, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात म्होरकीनं मला बाजूला बोलावलं.

"आमच्या गावचं गायरान उघडं पडलं हाय जी. याचं बी देता का? येत्या साली आमी टाकतो, मंग रोवतो."

मी दोन प्लॉटांएवढ्या जागेसाठी भांडलो होतो. ती अख्खं गायरान मागत होती. पिकलेले तुरे दोन्ही हातांनी ओरपून मी तिच्या पदरात घालू लागलो, वनमजूर दुसऱ्या बाजूनं घालू लागला. पदर भरला तसा तिनं तो कमरेला खोचला आणि दुसरी बाई पदर पसरून पुढे आली. याच जमिनीवर घर बांधून झालं, त्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.