पुढे ओढलेलं टायमिंग

दिल्लीत आर. के. पुरमला राहणाऱ्या श्रीपाद सबनीसांना नव्या मारुती मागे टाकून गेल्या की सहन होत नसे. पिकअपसाठी त्यांनी जुन्या फियाटचं इग्निशन टायमिंग पुढे ओढलं, म्हणजे ठिणगी जरा आधी पडेल असं केलं. गाडी पळू लागली, पण चढावर इंजिनातून खडे वाजल्यासारखा आवाज येऊ लागला.

त्यांची बायको विनया गॅरेजवाल्याची मुलगी. तिने ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर किंचित मागे फिरवून आवाज बंद केला. श्रीपादांनी डिस्ट्रिब्युटर पुन्हा पुढे नेला.

"अहो, पिस्टन जळेल!"

"बिल्कुल नाही."

पानिपतच्या वाटेवर आवाज वाढत गेला, मग धूर आला आणि गाडी भररस्त्यात बंद पडली. मागून ट्रक येत होता. विनयाने श्रीपादांना दंड धरून बाहेर खेचलं, तेवढ्यात ट्रकने फियाट चेपली.

त्यानंतर श्रीपादांनी स्टिअरिंग कधीच धरलं नाही.