ओढणारा पंखा

नानांच्या सदऱ्याच्या खिशात कायम उदबत्तीचा पुडा असायचा. कुणाच्या ओल्या घरात शिरले की ते आधी एक उदबत्ती पेटवायचे आणि दारापासून कोपऱ्यापर्यंत हळूहळू फिरायचे. घरातल्या बायकांना वाटायचं, म्हातारा देवभोळा आहे, कामाआधी पूजा करतो. एकीने तर नारळही आणून ठेवला. नाना म्हणाले, "देव हाय तिथं बरा हाय, माय. मी धूर कुणीकडं पळतो ते बघतोय."

नाना साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. सगळी नोकरी बॉयलरच्या पंख्यांवर गेली. बॉयलरला दोन मोठे पंखे असतात. एक हवा आत ढकलतो, दुसरा धूर ओढून धुराड्यात सोडतो. नानांचा जीव या ओढणाऱ्या पंख्यावर. निवृत्तीनंतर त्यांनी भंगारातून तसलाच एक छोटा पंखा उचलला, त्याला कॅनव्हासचा लांब पाइप जोडला आणि देवळाली प्रवरात पाणी शिरलेल्या घरांच्या फरश्या वाळवायचं काम सुरू केलं. असं काही काम असतं हेच लोकांना ठाऊक नव्हतं. वरून पुसली की फरशी सुकली, अशी आपली समजूत. पण फरशीखाली मुरुमाचा भराव असतो. नळ गळला, टाकी फुटली की पाणी त्यात उतरतं आणि महिनोन्महिने बसून राहतं. मग भिंतींचे पोपडे सुटतात, बुरशी धरते, घर कुबट होतं.

एका कोपऱ्यातली फरशी उचलून नाना त्या भोकावर पंखा बसवायचे. समोरच्या कोपऱ्यातली एक फरशी काढून ठेवायचे, म्हणजे तिथून खोलीतली चांगली हवा खाली शिरायची आणि ओल घेऊन पाइपातून थेट खिडकीबाहेर पडायची. पाइपाच्या तोंडाला धूळ अडवणारी जाड कापडाची पिशवी. ती पिशवी ते स्वतःच्या तोंडाला पंचा बांधून, लांब उकिरड्यावर नेऊन झटकत. "घाण हवा बाहेर न्यायची, पन तिला घर दाखवायचं न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

इंजिनियरिंगला असताना त्यांच्या मागच्या खोलीत मी चार वर्षं भाड्याने राहिले. माझं गाव तिसगावजवळ. आईवडील ऊसतोडीला जायचे, घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. नानांनी मला पहिल्या वर्षापासून 'इंजिनियरबाई' म्हणायला सुरुवात केली आणि मी दोन विषयांत नापास झाले तेव्हाही ते बदललं नाही. संध्याकाळी विचारायचे, "काय इंजिनियरबाई, पुस्तकातली हवा कुणीकडनं जाती?" मी धडा वाचून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "बराबर लिहिलंय. लिहिणाऱ्याचा कुठं तरी हात भाजलेला दिसतोय."

पदवी झाल्यावर मी शिर्डीत एका लॉजच्या देखभालीच्या कामावर लागले. तिथे टाकीचा पाइप फुटला आणि तळमजल्याच्या खोल्यांत घोट्यापर्यंत पाणी साचलं. मी नानांचा पंखा टेम्पोतून मागवला. नाना तापाने झोपून होते. फोनवर म्हणाले, "बारा दिवस निस्तं वढू दे. घाई करू नको." लॉजच्या मालकांना खोल्या चार दिवसांत हव्या होत्या. नोकरी नवी होती. मी पंखा उलटा जोडला, त्याच्यापुढे हीटर ठेवला आणि गरम हवा फरशीखाली कोंबली. तशी फरशी लवकर सुकते. खोल्या रिकाम्याच आहेत, त्रास कुणाला होणार, असं मी स्वतःला समजावलं.

शेवटच्या खोलीच्या भिंतीपलीकडे वॉचमनचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको सुनीता बाळंत होऊन महिनाही झाला नव्हता. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, दाराला जाड पडदा, आणि बाळ भिंतीकडेला गोधडीवर. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, भिंत लई घाण मारती." मी म्हटलं, "ओल आहे. जाईल दोन दिवसांत." तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाला धाप लागली, ते दूध घेईना. दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं.

फोनवर हे ऐकून त्या दुपारी नाना मफलर गुंडाळून एसटीने आले. उलटा पंखा बघूनही रागावले नाहीत. हवा बाहेर पडायला समोरच्या कोपऱ्यात उघडं ठेवलेल्या भोकापाशी उदबत्ती धरली. धूर जेमतेम हलला.

"आत धा वाटे हवा गेली, हितनं दोन वाटे निघाली. बाकीचे आठ कुठं हायती, इंजिनियरबाई?"

नाना वॉचमनच्या खोलीत गेले, वाकले. भिंत आणि फरशी यांच्या फटीपाशी धूर सरळ खोलीत उडाला. आडभिंत फरशीवरच उभी केलेली. तिच्याखाली भराव सलग, म्हणून कोंबलेली हवा इकडे निघत होती. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. बाळाची गोधडी तिथेच होती. तिच्यावर करड्या धुळीचा थर होता.

नानांनी पंखा बंद केला. मालक म्हणाले, "हवामान बदललंय, त्यानं झालं असेल. त्या बाईला काही सांगू नका."

"शेट, खोल्या बारा दिवसांनी मिळतील," नाना म्हणाले. मग मला बाहेर नेऊन म्हणाले, "दवाखान्यात जा. कसली धूळ गेली ते डाक्टरला सांग. आन तिलाबी सांग."

"नोकरी जाईल, नाना."

"जाईल. पन तू बोलली न्हाई तर तो डाक्टर आंधळ्यावानी औषध दील."

मी गेले. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, औषध बदललं. मग मी सुनीतालाही सांगितलं. "मी सांगत हुते ना तुमाला," ती एवढंच म्हणाली आणि बाळाचं दुपटं सारखं करू लागली.

पाच दिवसांनी बाळ परत आलं; त्यांना वरच्या मजल्यावर खोली मिळाली. नाना बारा दिवस तिथेच राहिले. माझी नोकरी महिनाअखेर गेली. नानांनी त्या उलट्या पंख्याचा विषय पुन्हा कधीही काढला नाही, चिडवण्यापुरताही नाही, आणि त्यांना चिडवायला फार आवडायचं.

गेल्या थंडीत नाना गेले. आता मी हेच काम करते. पंखा सुरू करण्याआधी भिंतीपलीकडची दारं वाजवते आणि विचारते, "इथं खाली कोण झोपतं?" लोक हसतात, मॅडमना काय करायचंय म्हणतात. मी त्यांना सांगून ठेवते, भिंतीतून वास आला तर लगेच हाक मारा. हाक आली की आधी पंखा बंद करते. वास कशाचा, ते नंतर शोधते.