ताटातलं मीठ

शुक्रवारच्या नैवेद्यासाठी सुषमाने, म्हणजे माझ्या बायकोने, दोन नवे पदार्थ केले: कोबीच्या वड्या आणि रताळ्याची खीर. खिरीचा चमचा ओठांजवळ नेऊन ती थांबली आणि तिने तो तसाच ओट्यावर ठेवला. आमच्याकडे नैवेद्याआधी काही चाखत नाहीत.

"म्हणून म्हणते, नेहमीचं कर," आई बाहेरून म्हणाली. "फसलं, तर पुन्हा नैवेद्याला नवं काही नाही हं."

मी साधी बेरीजही दोनदा तपासतो. पहिल्यांदाच केलेलं, न तपासलेलं असं थेट देवापुढे ठेवायला माझा हात धजला नसता.

जेवताना आईने वडी तोडली. "देव बोलला नसेल, मी बोलते. मीठ राहिलंय."

आईने लिंबाच्या फोडीशेजारी वाढलेलं मीठ चिमटीत घेऊन वडीला लावलं आणि वडी संपवली. मला वाटलं, न चाखता रांधायची रीत ज्यांनी घातली, त्यांनीच ताटात मीठ वाढायचीही घातली असावी. माणूस चुकणार, हे त्यांनी आधीच धरलं होतं.

गोडाला मात्र ही सोय नाही. खिरीत जास्त पडलेला गूळ कुणाला काढून घेता येत नाही. आईने वाटी उचलली, तेव्हा सुषमा वाढायची पोळी हातात तशीच धरून उभी राहिली.

आईने वाटी सावकाश रिकामी केली.

"पुढच्या शुक्रवारी," ती म्हणाली, "वड्यांत मीठ आठवणीने घाल."