कंडेन्सर दोनदा उतरवायचा

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले. चूक माझीच होती. कपॅसिटर भरत असताना दर दहा सेकंदांनी व्होल्टेज लिहायचं, असा तो प्रयोग. आमच्याकडे पद्धत अशी की, आदल्या वर्षीच्या मुलींची जर्नल मिळवायची आणि त्यातली ‘चांगली’ रीडिंग पाठ करून जायची. मीही तेच केलं. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी माझा आलेख पाहिला, मग टेबलावरचा रेझिस्टर उचलून पाहिला आणि विचारलं, यातून एवढ्या लवकर कपॅसिटर भरला कसा? जर्नलमधल्यापेक्षा तो रेझिस्टर दुप्पट होता. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो कुठे? मी खाली पाहत उभी राहिले.

फेरपरीक्षा दिवाळीआधी होती. तीही गेली असती तर वर्ष गेलं असतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा राइस मिलमध्ये पोती वाहतात, आई हंगामात धानाच्या रोवणीला जाते. ते मला रागावले नसते, याचीच मला जास्त भीती होती. हे आपल्या घरच्यांचं काम नाही, एवढं त्यांनी मनात धरलं असतं आणि पुन्हा विषय काढला नसता. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

गणपतीच्या सुट्टीत मी गोंदियाजवळच्या गोरेगावला मामाकडे गेले. मामाचं एसटी स्टँडजवळ दुरुस्तीचं दुकान आहे. पंखे, पंप असतातच, पण पावसाळा संपत आला की त्याच्याकडे ॲम्प्लिफायर येतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, त्याआधी नाटकमंडळ्या आपापले हे डबे दुरुस्त करून घेतात. मामा सातवीपर्यंत शिकलेला आहे. मी पुस्तक घेऊन त्याच्या बाकावर बसत असे, कारण घरी बसलं की रडू यायचं.

एकदा केशोरीकडच्या एका नाटकमंडळीचा माणूस ॲम्प्लिफायर घेऊन आला आणि तिथेच थांबला. मामानं झाकण काढलं. आत पाण्याच्या पेल्याएवढे दोन कंडेन्सर होते. कपॅसिटरला दुकानात सगळे कंडेन्सरच म्हणतात. मी वाकून बघत होते. मामानं माझा हात मागे सारला. वायर तर काढलेली होती, पण त्यानं एका बल्बची दोन टोकं कंडेन्सरला लावली आणि बल्ब मंद पेटला. वीज नसलेल्या डब्यावर पेटलेला बल्ब मी पहिल्यांदाच पाहिला. तो हळूहळू विझला. मग मामानं स्क्रूड्रायव्हरनं दोन्ही टोकं जोडली. काही झालं नाही. आता सोल्डर सुरू करेल असं वाटलं, तर त्यानं चहा मागवला आणि डबा तसाच ठेवला.

केशोरीवाला कंटाळला होता. “काऊन भाऊ, कंडेन्सरले चाय पाजून राहिले का?”

“हो. तो पेते तवर तूबी पी,” मामा म्हणाला.

चहा झाल्यावर मामानं पुन्हा स्क्रूड्रायव्हर टेकवला. बारीकशी ठिणगी उडाली.

मी घाबरत घाबरतच म्हटलं की असं व्हायला नको. टोकं एकदा जोडली की व्होल्टेज शून्य होतं, पुस्तकात तसंच आहे. मामा चिडला नाही. त्यानं दुसरा कंडेन्सर एकदाच उतरवला, म्हणजे टोकं जोडून रिकामा केला, मीटर लावलं आणि माझ्या हातात दिलं.

“पुस्तकात नसन. याच्यात आहे. तूच पाह्य, बाई.”

मीटरवर आधी शून्यच होतं. मग आकडे चढू लागले, कुणी न भरता, आपोआप. चहाचे रिकामे पेले न्यायला हॉटेलवाला आला तोवर तीन व्होल्ट झाले होते.

मामानं सांगितलं की, धंद्याच्या सुरुवातीला या उरलेल्या विजेनं त्याचा एक नवा ट्रान्झिस्टर जळला होता. तेव्हापासून तो प्रत्येक कंडेन्सर दोनदा उतरवतो, गिऱ्हाईक कितीही घाई करो. कारण विचारलं तर म्हणाला, “ते मले नाही माहीत. तू शिकून राहिली, तू सांग.” हे तो इतक्या सहज बोलला की मला माझं परीक्षेतलं गप्प राहणं आठवून लाज वाटली.

त्यानं एक बाद कंडेन्सर कापून माझ्यापुढे ठेवला. आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची गुंडाळी होती आणि पट्ट्यांच्या मध्ये ओलसर कागद. ती उलगडताना मला पुस्तकातलं चित्र पहिल्यांदा कळलं. कंडेन्सर ‘भरतो’ असं आपण म्हणतो, पण त्यात एकूण काही वाढत नाही. एका पट्टीवरचे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. मधून परत यायला त्यांना वाट नसते आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींना ओढत राहतात. बाहेरून वाट दिली की ते धावत परततात. तोच बल्बचा उजेड. आणि पट्ट्यांच्या मधला जो थर, तोही या ओढीनं आतून ताणला जातो. पट्ट्या क्षणात रिकाम्या होतात, थराला मात्र सैल व्हायला वेळ लागतो. तो सावकाश सैल होताना थोडं व्होल्टेज पुन्हा दिसू लागतं. हे मी नंतर गोंदियाच्या लायब्ररीत शोधून वाचलं. वीज पुन्हा चढते, एवढं मामाला न वाचताच ठाऊक होतं, एक ट्रान्झिस्टर घालवून.

परीक्षेला मला पुन्हा तोच प्रयोग आला. मी आधीच्या मुलीनं भरलेल्या कपॅसिटरची टोकं जोडली, सोडली आणि मीटरकडे बघत राहिले. शून्य हळूहळू सरकलं आणि ०.२१ वर आलं. लॅबचे काका मागून म्हणाले, “ज़ीरो लिख दो बेटा, सब ज़ीरो लिखते हैं.” शेजारच्या मुलीनं लिहिलंही होतं. मी पुन्हा एकदा मीटर पाहिलं. मग मी पहिल्या चौकटीत ०.२१ लिहिलं.

परीक्षक तेच सर होते. त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. मी अडखळत पट्ट्या, थर, सैल होणं, सगळं सांगितलं. हे कुठे पाहिलं, असं त्यांनी विचारलं. आधी लायब्ररीचं नाव ओठांवर आलं होतं.

“मामाच्या दुकानात, सर. तो ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो.”

सरांनी स्वतः टोकं जोडली, सोडली, स्टूल ओढलं आणि स्टॉपवॉच सुरू केलं. आम्ही दोघं आकडा चढताना बघत बसलो. बराच वेळ. मग ते उठले आणि म्हणाले, “आता पुढची रीडिंग घ्या. घाई करू नका.”

मी पास झाले. निकाल लागला त्या दिवशी एसटीनं थेट गोरेगावला गेले. मामा एका पंपात डोकं घालून बसला होता. मार्क किती, हे त्यानं विचारलंच नाही. परीक्षेत किती व्होल्ट चढलं, ते विचारलं. मी सांगितलं. त्यानं पंपातून डोकं बाहेर काढलं.

“एवढंच?” तो म्हणाला. “मंग तुमच्या कॉलेजचा कंडेन्सर चांगला आहे.”